हंबर

त्याचं खरं नाव रेशनकार्डावर आहे आणि ते तिथंच सुखात आहे. आमच्या गल्लीत त्याला सगळे हंबर म्हणतात. तोंडावर म्हणतात, पाठीमागे म्हणतात, आणि त्याला ते मनापासून आवडतं. नवख्याला वाटतं, हा माणूस गाईसारखा हंबरत असेल. तसा तो हंबरतोही. त्याच्या सायकलीला टेकून कोणी उभं राहिलं की त्याच्या घशातून जो आवाज निघतो त्याला मराठीत दुसरं क्रियापद नाही. पण नाव पडलं ते सायकलीवरून. हंबर ही नॉटिंगहॅमकडची जुनी विलायती सायकल. १९३२ साली ती रॅलेने विकत घेतली आणि पुढे रॅलेच्याच कारखान्यात होऊ लागली. जाणकार तिला दोन खुणांवरून ओळखतात. पुढच्या चिमट्याला दोन्ही बाजूंना एकेका नळीऐवजी जोड-नळ्या असतात, आणि चेनव्हीलच्या पोटात लोखंडाची पाच माणसं असतात. कोणी म्हणतं ती पळतायत, कोणी म्हणतं फेर धरून नाचतायत. हंबर त्यांना पांडव म्हणतो.

मला हे माहीत असायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण तो माझा शाळासोबती. रोज संध्याकाळी पारावर भेटतो आणि मी उठून जाऊ नये म्हणून माझ्या चहाचे पैसे आधीच देऊन ठेवतो. त्यामुळे रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्यांची मुंडकी असतात, बीएसएच्या बिल्ल्यावर तीन बंदुका असतात कारण ती कंपनी मुळात बर्मिंगहॅमला बंदुका करायची, वगैरे ज्ञान मला फुकट मिळालेलं आहे. याच सुमारास माझे दोन फिक्स डिपॉझिट नूतनीकरणावाचून राहिले, पण ते असो.

सायकल मूळची त्याच्या वडिलांची. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो, कारण ते आम्हाला गणित शिकवायचे. धोतर, कोट, काळी टोपी आणि खाली ही काळी हंबर. मास्तर येताना दिसले की सायकलवर माणूस येतोय असं वाटायचंच नाही, एखादं कपाट रस्त्याने सरकत येतंय असं वाटायचं. नखशिखांत चेनकव्हर, दोन्ही मडगार्ड, मागच्याला रबरी झालर, कॅरियरच्या स्प्रिंगखाली दाबलेल्या साठ वह्या, पुढे दिवा, त्याचा डायनॅमो, दांडीला पंप, सायकलकराचा पितळी बिल्ला आणि हँडलला मेथीची जुडी डोकावणारी पिशवी. त्या काळी पुण्यात रात्री बिनदिव्याचा सायकलवाला पोलिसाने धरला नाही तर पोलिसाची बदली झाली असावी असं लोक समजत. डबलसीटवाल्यांचं तेच. तेव्हा मास्तरांच्या सायकलीवर जे काही होतं ते कुठल्या तरी दंडाच्या, चिखलाच्या किंवा पावसाच्या धाकाने बसवलेलं होतं. त्यांनी त्या सायकलीकडे मान वळवून कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. दर दिवाळीच्या आधी ओव्हरऑइलिंग करून घ्यायचं, पावती वहीत डकवायची, संपलं.

मास्तर गेले आणि सायकल जिन्याखाली गेली. तिच्यावर आधी गहू चाळायची चाळणी आली, मग पाण्याची मोटर, मग नातवाचा पाळणा. वीस-पंचवीस वर्षं अशी गेली. आणि मग हंबर पन्नाशीला पोचला. पन्नाशीत पुरुषाला काहीतरी होतंच. कोणी हिमालयात जाऊन धापा टाकतो, कोणी बासरी आणतो आणि शेजाऱ्यांना घर बदलायला लावतो. हंबरने बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि एका दुपारी मोटर दुरुस्तीला काढताना त्याला खाली तो जोड-नळ्यांचा चिमटा दिसला. माणसाचं एका दुपारीत इतकं वाटोळं झालेलं मी दुसरं पाहिलं नाही.

पहिल्या महिन्यात त्याने सायकलीवरचं निघेल ते काढलं. कॅरियर गेलं, स्टँड गेला, डायनॅमो, पंप, मडगार्डची झालर, सगळं गेलं. शेवटी चेनकव्हर काढलं आणि मला फोन करून बोलावून घेतलं. अंगणात सायकल भिंतीला टेकवलेली. स्टँड नसल्यामुळे तिला आता जन्मभर टेकायलाच लागणार होतं.

"बघ," तो म्हणाला, "लाइन बघ."

"कसली?"

"फ्रेमची रे! किती मोकळी वाटतेय. आणि हे बघ, इतकी वर्षं अज्ञातवासात होते बिचारे." त्याने वाकून चेनव्हील फिरवलं. पाचही पांडव ग्रीसने माखलेल्या अंगाने उन्हात पळाले. खोटं कशाला सांगू, दिसायला फक्कड होते.

"छानच. पण भाजी कुठे ठेवायची?"

कैलास लेण्यात जाऊन पार्किंग कुठे आहे असं विचारल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

काढून टाकलेलं सामान त्याने भंगारवाल्याला किलोवर दिलं. चेनकव्हर तेवढं वहिनींनी ठेवून घेतलं. का, ते पुढे येईल. इथपर्यंत सगळं स्वस्तात चाललं होतं. खर्च पुढे सुरू झाला, कारण उघड्या सायकलीवर त्याला आता सुंदर वस्तू बसवायच्या होत्या. त्यासाठी तो बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जायला लागला. माणसं एकादशीला जातात तशी. उपाशी, पहाटे आणि निरिच्छ चेहऱ्याने. निरिच्छ अशासाठी की तिथल्या विक्रेत्याला गिऱ्हाइकाचे डोळे चमकलेले दिसले की गंजलेली घंटीसुद्धा एकदम 'अँटिक' होते. आठ महिन्यांनी एका रविवारी त्याला तिथे एक डायनॅमो मिळाला. जुना, वजनदार, विलायती. बरीच घासाघीस करून, भंगारात मिळाले होते त्याच्या कैकपट पैसे मोजून त्याने तो घरी आणला, ब्रासोने चकचकीत केला, आणि तेव्हा त्याच्या बुडाशी करकटकाने कोरलेलं एक बदाम दिसलं. ते त्यानेच सातवीत असताना कोरलं होतं. कोणासाठी, हे वहिनींना अजून सांगितलेलं नाही.

एखादा माणूस इथे ओशाळला असता. हंबर म्हणाला, "बघ, घरी परत आला की नाही!" डायनॅमो सायकलवर मात्र चढला नाही. टायरला घासून त्याचा पत्रा झिजेल म्हणून तो शोकेसमध्ये, शंकर-पार्वतीच्या शेजारी आहे. रात्री हंबर तोंडात बॅटरी धरून जातो.

सीटची कथा निराळी. मास्तरांची सीट ब्रूक्सची होती, पण तिचं चामडं उंदरांनी खाल्लेलं. ब्रूक्स ही १८६६ सालची बर्मिंगहॅमची कंपनी. मूळ धंदा घोड्याच्या साजाचा आणि चामड्याच्या वस्तूंचा. मालकाचा घोडा मेला, तो सायकलवर बसला, सीटने त्याचं बूड सोलून काढलं आणि म्हणून त्याने स्वतःच सीट करायला घेतली, अशी कथा कंपनी सांगते. हंबर ती सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगतो. कुठे थांबायचं आणि श्रोत्यांनी कुठे हसायचं, सगळं ठरलेलं. नवी सीट त्याने पुतण्याकडून लंडनहून मागवली. आली तेव्हा पाटावर मांडून तिला कसलंसं मेण चोळलं. ही सीट म्हणजे लाकडासारखी टणक, नवी असताना माणसाने सीटला बसायचं आणि काही शे किलोमीटरनंतर सीट माणसाला बसते. त्या मधल्या काळात हंबर पारावर उभा राहून बोलायचा.

ब्रूक्सला पाऊस चालत नाही. चामडं भिजलं आणि त्यावर बसलं की ते झोळीसारखं लोंबतं. आणि पुण्यात जूनपासून गणपतीपर्यंत आकाशाचा भरवसा कोणी देऊ शकत नाही. तेव्हा या सीटवर हंबर काय घालत असेल? एखाद्या हॉटेलातून आणलेली, आंघोळीच्या वेळी केस भिजू नयेत म्हणून बायका घालतात ती पारदर्शक टोपी. वर प्लास्टिकची टोपी, आत लंडन. सायकल चिखलात उभी असली की लांबून वाटतं, कोणीतरी आजीबाई न्हायला बसली आहे. मी त्याला विचारलं, हे दिसायला कसं वाटतं? तो म्हणाला, "आत ब्रूक्स आहे हे मला माहीत आहे ना." यावर मला आजवर उत्तर सुचलेलं नाही.

टायरचं सांगतो आणि मग मिस्त्रींकडे वळतो. या सायकलीचा टायर म्हणजे अठ्ठावीस दीड. आपल्याकडच्या काळ्या उभ्या सायकलींना अजूनही तोच लागतो, त्यामुळे तो आळेफाट्यालाही मिळतो आणि गडहिंग्लजलाही. जुन्या सायकलीच्या धन्याला जगात सोपी अशी ही एकच गोष्ट आहे. हंबरला ती सोपी म्हणूनच नको होती. त्याने सायीच्या रंगाचे टायर मागवले. काळ्या सायकलीला सायीचे टायर, म्हणजे राजहंसाचे पाय, असं तो म्हणाला. राजहंसाचे पाय काळेही असतात हे मी बोललो नाही. टायर आले आषाढात. पहिल्या दिवशी साय, दुसऱ्या दिवशी चहा, तिसऱ्या दिवशी नुसती चहाची पूड. रस्त्यात मेट्रोचं काम, पाइपलाइनचं काम आणि ते दोन्ही बुजवायचं काम चाललं होतं. रोज रात्री दिवाणखान्यात वर्तमानपत्र पसरून हंबर जुन्या टूथब्रशने टायर घासायचा. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच सांगा यांना. दोन मुलं वाढवली मी, पण त्यांचे पाय कधी इतके घासले नाहीत यांनी."

मिस्त्रींचं दुकान म्हणजे एका वडाला ठोकलेला खिळा, त्याला लटकवलेल्या ट्यूबा, पाण्याचं घमेलं आणि एक लाकडी पेटी. पंप धरून सगळं मिळून दीड माणसाची जागा. मास्तरांची सायकल हेच मिस्त्री करायचे, तेव्हा पोरसवदा होते. त्यांचं सायकलीविषयीचं मत सरळ आहे: आवाज येऊ नये आणि हवा जाऊ नये. 'दिसणं' हा मुद्दा त्यांच्या पेटीत नाही.

"साहेब, ह्ये बसायचं नाय," ही त्यांची कायमची प्रस्तावना. आणि बहुतेक वेळा ते बसतच नाही. याला कारण आहे. बाकीच्या विलायती सायकलींच्या बीबीचे, म्हणजे क्रँकच्या आसाचे, कप इंचाला चोवीस आट्यांचे, आणि रॅलेने मात्र आपले सव्वीस ठेवलेले. हंबर रॅलेच्याच पोटातली, त्यामुळे तिचेही सव्वीस. बाजारातून आणलेला सुंदर कप दोन फेरे छान जातो आणि तिसऱ्याला रुसतो. हंबर म्हणतो जरा जोर लावा, मिस्त्री म्हणतात जोर लावला तर फ्रेमचे आटे जातील, मग नॉटिंगहॅमला जाऊन आणा. मग दोघं चहा पितात. क्रँकच्या कॉटर पिनचं तसंच. एका बाजूने कानसून, हातोडीने ठोकून बसवायची ती पिन जरा सैल राहिली की प्रत्येक फेऱ्याला टक्क वाजते. हंबरला क्रोमची चमकदार पिन हवी असते. मिस्त्रींकडे काळी असते. काळी वाजत नाही. हंबरची सायकल वाजते. तो येतोय हे आम्हाला त्या टक्क-टक्कवरून कळतं, त्यामुळे ज्यांना पारावरून निघून जायचं असतं त्यांची सोय होते.

एका बाबतीत मात्र मी त्याला मानतो. जुन्या बाजारातून त्याने एक स्टर्मी-आर्चरचं तीन गिअरचं हब आणलं. गाभ्यात सगळे दाते बंदिस्त, बाहेर नुसती एक बारीकशी साखळी, आणि हबच्या पत्र्यावर साल ठोकलेलं: ५२. म्हणजे ते हंबरपेक्षाही वयाने मोठं. त्याने ते निव्वळ दिसायला म्हणून, त्या आकड्यापायी घेतलं. मिस्त्रींनी उघडलं, घासलेटने धुतलं, तेलाचे चार थेंब सोडले आणि ते चालायलाच लागलं. चतुःशृंगीचा चढ तो पहिल्यात बोलत बोलत चढतो. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे गिअर अडकला तर पायडल एकदम मोकळं सुटतं आणि माणूस दांडीवर आदळतो, पण तेवढं शिकता येतं, बहुतेकांना एकदाच शिकावं लागतं. इतकी कामाची वस्तू त्याने केवळ शोभेसाठी घ्यावी, आणि तिने मुकाट्याने काम करत राहावं, याचं मला वैषम्य वाटतं.

ब्रेकवर आमचं भांडण झालं. जुने ब्रेक सळईचे. लिव्हर दाबली की सळया वर ओढल्या जातात आणि रबराचे गट्टे रिमच्या आतल्या, आसाकडच्या बाजूला घासतात. स्टीलची रिम कोरडी असेपर्यंत ठीक. ओली झाली की रबर नुसतं तिच्यावरून हात फिरवतं. मिस्त्रींनी ॲल्युमिनियमच्या रिमा सुचवल्या. पावसात त्या पुष्कळ बऱ्या. पण त्या रिमांना कडेने धरणारे ब्रेक लागतात, त्यांना केबल लागते, केबलला लिव्हर, लिव्हरला दुसरं हँडल, आणि सळया भंगारात. एक गोष्ट बदला आणि मास्तरांची सायकल दाराबाहेर.

"मग पावसात थांबतोस कसा?" मी विचारलं.

"मी आधीपासून थांबायला लागतो."

खरंच लागतो. पावसाळ्यात तो नळस्टॉपच्या सिग्नलसाठी गरवारे कॉलेजपासून ब्रेक दाबतो आणि उरलेलं अंतर चपलेने भागवतो. त्याच्या उजव्या चपलेची टाच वर्षातून दोनदा बदलावी लागते. चप्पल मात्र कोल्हापुरी, कारण सायकलीबरोबर सँडल शोभत नाही.

आता माझ्या सायकलीविषयी न बोलणं हे लबाडीचं होईल. माझीही जुनीच आहे, देशी, लुधियानाची. मी व्यवहारी माणूस. तिच्या कॅरियरला मी दुधाच्या पिशव्यांचा निळा प्लास्टिकचा क्रेट तारेने बांधला आहे, त्यात रेनकोट, पाना, पंप, नारळ फोडायचा कोयता, काय वाटेल ते मावतं. हँडलला स्कूटरचा आरसा. सीटवर जुन्या जीन्सचा तुकडा शिवून घातलेला. मडगार्ड खडखडतं म्हणून मधे चपलेचा तुकडा. एकदा मी ती डेक्कनवर कुलूप न लावता विसरलो आणि तिसऱ्या दिवशी आठवण झाली. सायकल तिथेच होती. क्रेटमधलं नारळाचं पोतं गेलं होतं. म्हणजे चोराने थांबून, विचार करून, सायकल नाकारली होती. हा किस्सा मी अभिमानाने सांगतो, पाहुणे आले की हमखास. एकदा तो मी सांगत असताना हंबर मधेच म्हणाला, "तुझी सायकल प्रॅक्टिकल आहे हे तू जितक्यांदा सांगतोस ना, तितक्यांदा मी माझी सुंदर आहे म्हणून सांगत नाही." त्यानंतर तो आरसा मी जरा आत वळवला.

जुन्या सायकलवाल्यांच्या या जमातीत वर्णव्यवस्था कडक आहे. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे; तिथे हंबरला त्याच्यासारखे आणखी भेटतात. पहिला प्रश्न नावाचा नसतो. "नॉटिंगहॅम की आसनसोल?" असा असतो. म्हणजे सायकल विलायतेत जन्मली, की बंगालात सेन-रॅलेच्या कारखान्यात. लग्न जमवतानासुद्धा इतकं थेट विचारत नाहीत. हंबर "नॉटिंगहॅम" म्हणतो, पण जरा घाईने म्हणतो. हेड-बॅजवरची अक्षरं मास्तरांच्या दिवाळीतल्या घासण्याने पुसून गेली आहेत आणि ती वाचायला भिंग आणूया असं मी म्हटलं तेव्हा त्याने विषय बदलला.

असं सगळं चाललेलं असताना पाडवा आला. आमच्या भागातल्या शोभायात्रेत दरवर्षी ढोलपथक, लेझीम, नऊवारीतल्या बुलेटस्वार मुली असं असतं. यंदा संयोजकांनी जुन्या सायकलींची एक रांग काढायचं ठरवलं आणि हंबरला सर्वांत पुढे ठेवलं. तो आठ दिवस जमिनीवर नव्हता. कपाटातून मास्तरांचं लाल काठाचं धोतर निघालं, कोट निघाला, टोपी निघाली. वहिनींनी दुकानात हल्ली मिळतं तसं नाडीचं शिवलेलं धोतर आणायचं सुचवलं. घातलं की झालं, सुटत नाही. हंबरचा चेहरा पडला. "नाडीचं? या सायकलवर?" दोन वाटा असल्या की हा कुठली धरणार हे आम्हाला आता पाठ झालं होतं. त्याने तीन दिवस आरशासमोर निऱ्या घातल्या.

पाडव्याला सकाळी साडेसात वाजता तो निघाला तेव्हा, खरंच सांगतो, माझ्या घशात काहीतरी आलं. काळी सायकल, सायीचे टायर (मार्च, कोरडे रस्ते, रात्रभर टूथब्रश), वर मास्तर. हुबेहूब. ताठ कणा, हँडलवर बोटं फक्त टेकवलेली. खाली उन्हात पाचही पांडव लखलखत पळत होते. दोन्ही बाजूंना माणसं मोबाइल वर करून उभी. मी मागे, माझ्या क्रेटसकट. मला रांगेत घेतलं नव्हतं, पण रस्ता सार्वजनिक आहे.

चौकात गर्दी झाली, वेग मंदावला, तोल सावरताना त्याचा उजवा गुडघा जरा बाहेर गेला आणि धोतराचा सोगा चेनवर पडला. पांडवांनी तो धरला.

आधी वाटलं सुटेल. पण पांडव एकेक करून ओढत राहिले. हंबरने पुढे पायडल मारलं तर धोतर आणखी आत जायचं, थांबावं तर मागून साठ ढोल येत होते. चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून तो एका हाताने कमरेशी काहीतरी घट्ट धरून होता. निऱ्या गेल्या. मग कासोटा सैल झाला. वस्त्रहरण इतक्या शांतपणे, इतक्या वाजत-गाजत आणि तेही खुद्द पांडवांच्याच हातून झालेलं महाभारतातही नाही. नऊवारीतल्या मुलींनी बुलेट थांबवल्या. कोणीतरी "अरे मदत करा" म्हणालं आणि व्हिडिओ सुरूच ठेवला.

मिस्त्री फूटपाथवर नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते. नातवाला बायकोकडे देऊन ते आले, खाली बसले. "साहेब, हात काढा. पाय काढा. उलटं फिरवायचं असतंय." त्यांनी पायडल हाताने मागे फिरवलं आणि धोतर वीत वीत बाहेर यायला लागलं. आलं ते काठावर दात्यांची काळी नक्षी घेऊन, जणू कोणी मास्तरांच्या धोतरावर शाईने गुणाकाराचा तक्ता काढलाय. मी माझ्या क्रेटमधून रेनकोटची पँट काढून दिली. वस्त्र पुरवण्याचं काम माझ्याकडे आलं याचं मला अजूनही समाधान आहे. हिरव्या प्लास्टिकची पँट, वर काळा कोट आणि टोपी, अशा वेषात हंबरने उरलेली यात्रा पुरी केली. लोकांनी त्याचेही फोटो काढले. माझा कोणी काढला नाही.

मिस्त्रींनी हात पुसताना एवढंच विचारलं, "मास्तरांचं कव्हर कुठं टाकलं ओ?"

कव्हर वहिनींकडे होतं. एवढा लांबट, खोल, दोन्ही तोंडांना गोल पत्रा त्यांना बाल्कनीत फार सोयीचा वाटला होता. त्यांनी त्यात माती भरून ओवा लावला होता आणि तो फोफावला होता. आम्ही त्या ओव्याच्या पानांची भजी खाल्ली आहेत, कशात पिकली हे न विचारता. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ओवा कुंडीत गेला. कव्हर मिस्त्रींनी घासलं, ठोकून सरळ केलं, काळा रंग दिला आणि बसवलं. आट्यांचा प्रश्नच आला नाही. ते त्याच सायकलीचं होतं.

आठवडाभर हंबर पारावर आला नाही. सायकल अंगणात उभी, बंद चेनकव्हरची, कपाटासारखी. पांडव पुन्हा अज्ञातवासात. वहिनी म्हणाल्या, रात्री उठून बाल्कनीतून तिच्याकडे बघत बसतात. मग एक दिवस तो मिस्त्रींकडे जाऊन बराच वेळ काहीतरी समजावताना दिसला, आणि मिस्त्री मान हलवताना. दोन दिवसांनी पाहिलं तर कव्हरला बाहेरच्या बाजूला रुपयापेक्षा जरा मोठं गोल भोक, त्यावर स्वच्छ अ‍ॅक्रिलिकची चकती, चार बारीक स्क्रूंनी बसवलेली. आत एका वेळी एकच पांडव दिसतो. पायडल मारलं की एक जातो, दुसरा येतो. धोतर काय, लुंगी घालूनही आता तो जाऊ शकतो, अर्थात जात नाही.

काल नळस्टॉपच्या सिग्नलला मी त्याच्या शेजारी उभा होतो. खिडकीत कोणाचे तरी नुसते दोन पाय अडकले होते. हंबरने मोटारवाल्यांकडे एकदा पाहिलं, कोणी बघत नाही अशी खात्री केली आणि पायडल बोटभर मागे घेतलं. पांडव चकतीच्या मधोमध आला. "भीम," तो मला हळूच म्हणाला. तेवढ्यात सिग्नल सुटला आणि मागच्या रिक्षाने भोंगा वाजवला.